पणजीवाराच्या बाई

माझा इंटरव्ह्यू एका प्रश्नात आटपला. मी घरून सगळं पाठ करून गेलो होतो. झाडू मारता येतो, चहा येतो, शिडीवर चढायला घाबरत नाही, शिक्षण चौथी. पास की नापास असं कुणी विचारलंच तर खोकायचं, हेही ठरलेलं. वाचनालयाच्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "पणजीचं नाव काय?"

मी म्हटलं, "कुणाच्या?"

"माझी मला माहीत आहे. तुझ्या."

मला आजोबांचं नाव आठवायला वेळ लागतो, तिथे पणजी कुठून आणू? पण नोकरी पाहिजे होती. दिलं ठोकून, "लक्ष्मी."

बाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या लालबागमध्ये जो खोटं बोलतो त्याची पणजी लक्ष्मीच निघते. उद्यापासून ये. खरं नाव आणायला दोन महिने देते."

खोटं पकडलं गेलं आणि नोकरी पण लागली! असं माझ्या आयुष्यात एकदाच झालंय. बाहेर येऊन मी वडापावच्या गाडीशी पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. गाडीवाला म्हणाला, "काय रे, कोण गेलं काय?"

मग गावी चुलतआत्याला फोन लावला. ती आधी घाबरली, तिला वाटलं जमिनीचं काहीतरी प्रकरण काढतोय. शेवटी सांगितलं, "भिकी." मला लाज वाटली. भिकी काय नाव आहे? तरी बाईंना जाऊन सांगितलं, हळू आवाजात. तर बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. मंत्री आला तरी न उठणारी बाई! म्हणाल्या, "अरे, म्हणजे तिच्या आधीची मुलं जगली नसणार. देवाकडे भीक मागून मिळाली म्हणून भिकी. तिच्या आईने किती रडून ठेवलं असेल हे नाव!"

त्या दिवशी मी डब्यातलं बांगड्याचं तिखलं तसंच परत नेलं. बायको म्हणाली, "कोण काय बोललं?" म्हटलं, "पणजी भेटली."

आमचं वाचनालय परळ आणि लालबागच्या मध्ये, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. खाली आता टॉवरवाल्यांच्या गाड्या लागतात, समोर मसाल्याचे डंक. मे महिन्यात मिरची कुटायला लागले की आमचे वाचक वर्तमानपत्र वाचता वाचता शिंकतात. खाली मान घालून पेपर वाचणारे म्हातारे, टेबलांशी परीक्षेची पोरं, आणि कोपऱ्यात बाईंचं कपाट. लोक पुस्तकं न्यायला यायचे ते वेगळे. बाईंच्या कपाटाकडे लोक माणसं शोधायला यायचे.

त्यात काय होतं सांगतो. पूर्वी कोकणातून गिरणीत कामाला आलेले गडी गावाप्रमाणे एकेक खोली घेऊन राहायचे. एका खोलीत वीस-तीस जण, पाळ्या लावून झोपायचे, प्रत्येकाची एक ट्रंक. त्या खोलीची एक वही असायची. कोण आला, बापाचं नाव काय, गाव कुठलं, वाडी कुठली, आणि काही बरंवाईट झालं तर कळवायचं कुणाला. चाळी पडायला लागल्या तशा या वह्या कचऱ्यात जायला लागल्या आणि बाई कचऱ्याच्या मागे. बऱ्याचशा वह्या मोडीत लिहिलेल्या. ती लिपी बाईंना वाचता यायची. मला साधी मराठी पण दुकानांच्या पाट्या वाचून आलेली. मोडी म्हणजे मला मुंग्या शाईत पडून पानावरून चालत गेल्यासारखी दिसते.

बाईंच्या गळ्यात काळा दोरा होता. नवीन बायका विचारायच्या, "मिस्टर काय करतात?" बाई पदराआडून दोरा ओढायच्या, त्याला भलंमोठं भिंग. "हे काय, अक्षरं मोठी करतात." समोरची बाई परत काही विचारायची नाही. वह्यांना कसर लागू नये म्हणून त्या वेखंडाच्या पुरचुंड्या करायच्या आणि मला कपाटात ठेवायला लावायच्या. वर्षभर माझ्या अंगाला बाळंतिणीच्या खोलीचा वास. बायकोच्या बहिणीने तिला बाजूला घेऊन विचारलं पण, "यांचं बाहेर कुठे काही आहे का गं, तान्ह्या पोराबिराचं?"

आणि सगळ्यात त्रास म्हणजे त्यांचं "पान नंबर?" काही सांगा, त्या विचारणार, पान नंबर. मी म्हटलं, "बाई, वरच्या नळाला पाणी येत नाही." "पान नंबर?" म्हणजे कुणी सांगितलं, तू स्वतः बघितलंस का, की ऐकीव. मी चाळीस पायऱ्या चढून नळ बघायचो. पाणी येत असायचं.

एकदा पलीकडच्या गल्लीत चाळ पाडत होते. आम्ही पोहोचलो तोवर वह्या डेब्रिजबरोबर डंपरमध्ये. मी म्हटलं, गेलं. वळून बघतो तर बाई डंपरच्या आत, मातीच्या ढिगावर मांडी घालून बसलेल्या! साडीसकट कशा चढल्या, देवाला माहीत. ड्रायव्हर उत्तरेकडचा, बिचारा हात जोडतोय, "अम्मा, उतरो, मेरी नौकरी जाएगी." बाई वरून म्हणतात, "परदादी का नाम बोलो, उतरती हूँ." मला वाटलं आता हा डंपर उलटा करणार. त्याने मान खाली घातली आणि नाव सांगितलं. वर तिच्या सासूचं सांगितलं, तिच्या सासूचं सांगितलं. सात पिढ्या! बाई रडायला लागल्या. त्याला वाचनालयाचं फुकट कार्ड दिलं. त्याला वाचता येत नव्हतं. म्हणाला, "फोटोवाला किताब चलेगा." अजून येतो.

महिन्याच्या चौथ्या शनिवारी कार्यक्रम असायचा. फळ्यावर नाव असायचं 'आपले कूळ, आपला शोध', पण सगळे म्हणायचे पणजीवार. लोक पत्र्याच्या डब्यांतून कागद आणायचे, दाखले, रेशनकार्डं, लग्नपत्रिका. बाई मोठ्या कागदावर झाड काढून द्यायच्या. अट एकच, नुसत्या बापांचं झाड मिळणार नाही. बायकांची नावं पाहिजेत. माहीत नसेल तिथे रिकामी चौकट. माणसं आपल्या झाडातल्या रिकाम्या चौकटी बघून गोरीमोरी व्हायची. ऐंशीच्या पुढच्या म्हाताऱ्या नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायच्या नाहीत, लिहायचं कसं? बाई त्यांना उखाणा घ्यायला लावायच्या. म्हातारी लाजत लाजत उखाणा घेणार, बाई त्यातलं नाव पटकन उचलून कागदावर लिहिणार, आणि मी टाळ्या वाजवणार. माझं काम ते आणि चहा.

एकदा माजी नगरसेवक पाहुणे होते. पन्नास खुर्च्या देतो म्हणून माईकवर बोलले. बाईंनी तोच माईक घेतला आणि विचारलं. साहेब हसले, घाम पुसला, पीएकडे बघितलं. पीए तरी कुठून सांगणार? खुर्च्या आल्या नाहीत. आजही अर्धे लोक सतरंजीवर बसतात.

आता मी काय केलं ते सांगतो. हे मी बायकोला सोडून बाहेर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तिलाही अर्धंच.

शेवंताआजी म्हणून एक म्हातारी यायची. मागच्या चाळीत राहते, वय चौऱ्याऐंशी. तिची आई ती जन्मताच गेली. बापाने दुसरी केली, त्या दुसरीने वाढवलं. आईचं नाव घरात कुणी काढलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली तोवर सांगणारं कुणी उरलं नव्हतं. आजी पहिल्यांदा आली ती बाईंसमोर जमिनीवरच बसली.

"बाय, सर्वपित्रीक सगळ्यांचा पान ठेवतंय. बापाशीचा, सावत्र आवशीचा, घोवाचा. नाव घेतंय नि ठेवतंय. माझ्या आवशीचा पान ठेवतंय नि गप ऱ्हवतंय. कावळ्याक काय सांगू, कोणाचा पान ता? यंदा तरी सांगूक होया. पुढच्या वर्साचा माझा काय खरा नाय."

बाई म्हणाल्या, "आजी, मी शोधते."

आजी दर शनिवारी यायची. बाई म्हणायच्या, "शोधतेय." असं तीन-चार महिने. मग बाईंच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, एकामागोमाग एक. दीड महिना येणार नव्हत्या. जाताना मला म्हणाल्या, "कपाटाला हात लावायचा नाही." किल्ली मात्र माझ्याकडे. पुरचुंड्या बदलायच्या होत्या ना.

आजी येतच राहिली. जिना चढायला तिला पंधरा मिनिटं लागायची, मला वरून श्वास ऐकू यायचा. येणार, बसणार, "गावला काय रे झिला?" मी म्हणणार, "नाही गं आजी." उठणार, परत पंधरा मिनिटं. चौथ्या खेपेला ती जिन्यावरच बसली. म्हणाली, "सर्वपित्री पुढल्या आयतवारी हा."

माझं डोकं फिरलं. मी कपाट उघडलं, हाताला आली ती वही काढली, मध्येच एक पान उघडून बोट फिरवायला लागलो. बाई करतात तसं भुवया वर-खाली. बोट थांबवलं. पण नाव? माझ्या डोक्यात कधी ऐन वेळेला काही येत नाही. मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोर पाटी, 'अनसूया मसाला डंक. आमची कुठेही शाखा नाही.'

"अनसूया," मी म्हटलं.

आजीने ते नाव तीनदा म्हटलं. मग पदर डोळ्याला लावला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी जाताना मी गजरा घेतला बायकोला.

दीड महिन्यांनी बाई आल्या, काळा चष्मा लावून. तो पहिलाच पणजीवार. सतरंजी फुल. आणि शेवंताआजी आली, मागे सून, सुनेच्या हातात दोन जड पिशव्या. सून सगळ्यांना एकेक स्टीलची वाटी वाटायला लागली. एक बाईंच्या हातात दिली. वाटीवर मशीनने नाव घातलेलं: 'कै. अनसूयाबाई यांच्या स्मरणार्थ.'

आजी उभी राहून म्हणाली, "माझ्या आवशीचा नाव गावला! बायच्या पुस्तकात गावला!"

साठ माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, सवय. मग माझं लक्ष बाईंकडे गेलं. बाईंनी काळा चष्मा काढला होता. नव्या डोळ्यांनी आधी वाटी वाचली, मग मला. पान नंबरसुद्धा विचारला नाही.

सगळे गेल्यावर म्हणाल्या, "दाखव."

मी वही काढली, पान दाखवलं. बाईंनी भिंग लावलं आणि मोठ्याने वाचलं, "टाळ बारा जोड. पैकी एक जोड फुटका. पखवाज एक. पेटी नादुरुस्त." ती भजनी मंडळाच्या सामानाची वही होती. आजीची आई मी फुटक्या टाळातून काढली होती.

"उद्या सकाळी आपण दोघं तिच्या घरी जायचं," बाई म्हणाल्या. "तू सांगायचं."

मी पाय धरायचा बाकी राहिलो. "बाई, नोकरी घ्या, पण हे नको. म्हातारी खूश आहे. सर्वपित्रीला नाव घेऊन पान ठेवलं तिने. कुणाचं काय बिघडलं?"

"तिच्या आईचं," बाई म्हणाल्या. "ती बाई एकदा मेली. आता तिच्या जागी तू दुसरीच बसवलीस."

सकाळी गेलो. दहा बाय बाराची खोली. देव्हाऱ्याच्या बाजूला बापाचा फोटो, सावत्र आईचा फोटो, आणि तिसऱ्या जागी फोटो नाही म्हणून एक तांब्या, त्यावर नाव घातलेलं, वर झेंडूचं फूल. मी तांब्या बघितला आणि सगळं पाठ केलेलं विसरलो. आजी म्हणाली, "बस रे झिला. पोहे करतली सून."

मी बसलो नाही. उभ्या उभ्या बोललो. वही टाळांची होती, मला मोडी येत नाही, मी चौथी नापास आहे. हेही तेव्हाच पहिल्यांदा बाहेर पडलं. आणि नाव समोरच्या पाटीवरचं.

"खयच्या पाटयेवरचा?" आजीने विचारलं.

"मसाल्याच्या डंकाच्या."

सून आतून झारा घेऊन बाहेर आली. "काय माणूस आहात की कोण? साठ वाट्या वाटल्या आम्ही! माझ्या माहेरी पण पाठवल्या! लोकांना काय सांगू, मिरच्या कुटणारणीच्या नावाने वाटल्या?"

आजी तांब्याकडे बघत होती. मग बाईंना म्हणाली, "मगे खरा काय ता तू सांग."

बाईंनी पर्समधून एक झेरॉक्स काढली. तिला घड्या पडून पडून मध्ये चिरा गेल्या होत्या. ती झेरॉक्स मी ओळखली. ऑपरेशनच्या खूप आधी मीच खाली जाऊन काढून आणली होती, कशाची ते न कळता.

"आजी," बाई म्हणाल्या, "हे पान मला पहिल्याच महिन्यात मिळालं. तुमच्या वडिलांच्या गावच्या खोलीची वही. मी तुम्हाला 'शोधतेय' म्हणत राहिले ते खोटं होतं. मला वाटलं, आणखी कुठे काही मिळेल. नाही मिळालं."

बाई आणि खोटं! देवळाच्या गाभाऱ्यात कुणी शिट्टी वाजवावी तसं झालं मला.

बाईंनी वाचलं. "रामा बाळा. मंडळी बाळंतपणास आणलेली, मयत. मूल जिवंत, मुलगी. गावी कळविले." आणि कागद खाली ठेवला. "मंडळी म्हणजे बायको. नाव लिहिलेलं नाही, आजी. लिहिणाऱ्याने विचारलंच नाही."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"परत वाच," आजी म्हणाली. बाईंनी परत वाचलं. "मूल जिवंत" आलं तशी आजीने बोट वर केलं. "ता मी," म्हणाली. कागदावर बोट ठेवलं. "खय हा ता?" बाईंनी तिचं बोट धरून त्या दोन शब्दांवर ठेवलं.

सून जरा मऊ झाली. सासूला म्हणाली, "तांब्यावरचं नाव दुकानात घासून देतात. उद्या देते."

"हात लावू नको," आजी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुझा नाव कोणी ठेवलान?"

"माझं? आत्याने. बारशाला."

"माझाय आत्येनच ठेवलान. आत्या बारशाक नाव ठेवता, ता काय वही बघून ठेवता?"

बाईंना कुणी गप्प केलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

"चौऱ्याऐंशी वर्सां ती बिननावाची ऱ्हवली," आजी म्हणाली. "घोवान नाय सांगल्यान, लिवणाऱ्यान नाय लिवल्यान. ह्या मेल्यान ठेवलान. खोटेपणान ठेवलान, पण ठेवलान. बाय, लिव तुझ्या वहीत."

बाईंची स्वतःची एक वही होती, सापडलेल्या बायकांची. त्यात पुराव्याशिवाय त्यांनी कधी टिंब दिलं नव्हतं. ती त्यांनी काढली. पेन उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "रामा बाळा यांची पत्नी. मूळ नाव मिळाले नाही. मुलीने मान्य केलेले नाव अनसूया. नाव ठेवणारा," आणि माझं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, "वाचनालयाचा शिपाई. पुरावा नाही." खाली सही केली. चौथी नापास माणसाचं नाव त्या वहीत!

आजी म्हणाली, "म्हणजे तू माझ्या आवशीची आत्या. वाक मेल्या."

"का?"

"बारशाक आत्येच्या पाठीत बुक्के घालतत. वाक!"

मी वाकलो. आजीचा बुक्का म्हणजे चिमणी बसल्यासारखा, पण तीन घातले. मग बाईंनी घातला, भिंग गळ्यात हलत होतं, आणि त्यांचा हात पाठीवर जरा जास्त वेळ राहिला. मग सुनेने झारा खाली ठेवला. तिने घातला तो बारशाचा नव्हता.

बाई गेल्या वर्षी रिटायर झाल्या, आता दादरला बहिणीकडे असतात. कपाटाची किल्ली नवीन मॅडमकडे. बुक्के खाल्ले त्या दिवशी मी घरी गेलो तो कमरेत वाकूनच. बायकोने बाम काढला. म्हणाली, "कुठे पडलास?"

म्हटलं, "पडलो नाही. भाचीचं बारसं होतं."

"कुठली भाची? केवढी आहे?"

म्हटलं, "असती तर शंभरी उलटली असती."